मुखरूभाऊच्या वस्तऱ्याची झीज

यंदा धानाची कापणी आठ-दहा दिवस उशिरा आली. दिवाळी झाली तरी आभाळ मोकळं होईना, बांध्यांतलं पाणी उतरेना. मग एका सकाळी अंगणात पाय ठेवला आणि फरशी गार लागली. त्याच दिवशी समोरच्या वावरात बायका वाकलेल्या दिसल्या. आता नागभीडच्या बाहेर कुठेही गेलं तरी कापलेल्या धानाच्या कडपा ओळीनं आडव्या पडलेल्या आहेत. दहा वाजता दव उडून जातं आणि ओल्या तणसाचा, चिखलाचा, उन्हाचा मिळून एक गोडसर वास गावात शिरतो. नाटकाची जाहिरात करणारी गाडी भोंग्यावर नटनट्यांची नावं घेत त्या वासातून जाते.

हा वास आला की पूर्वी मला भूक लागायची. आता मी फाटकाकडे बघतो. तिथून कोणी येणार नाही हे मला ठाऊक असतं. तरी सकाळपासून दोन-तीनदा बघितलं जातंच.

मी न्हाव्याच्या घरचा. अठरा वर्षांचा होईपर्यंत वडिलांच्या हाताखाली दाढ्या केल्या, डोकी भादरली. मग घुग्घुसला कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो आणि सारी नोकरी लोखंड घासण्यात गेली. निवृत्त होऊन इकडे परतलो तेव्हा वडिलांच्या धोकटीत, त्या हत्यारांच्या कातडी पिशवीत, धार लावायचे तीन दगड निघाले. एक खरबरीत, एक मऊ आणि एक इतका गुळगुळीत की पाणी टाकलं तर आरशासारखा दिसे. रिकाम्या हातांना काही तरी पाहिजे होतं. मी वडिलांचा जुना वस्तरा लावून बघितला, शेजाऱ्यानं त्याच्या आजोबांचा आणून दिला, आणि हळूहळू आजूबाजूच्या गावांतून जुने वस्तरे माझ्याकडे येऊ लागले.

वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. वर्षानुवर्षं घासून दोन्ही झिजतात, पण सारख्या कधीच झिजत नाहीत. कोणाचा अंगठा जड असतो. कोणी टोकावर जोर देतो. कोणाचा दगडच मधे खोल गेलेला असतो. त्या झिजेवरून मला माणूस कळू लागला. हा डावखुरा असणार. याचं मनगट म्हातारपणी दुखत असणार. बहुतेक वस्तऱ्यांचे मालक वारलेले असत. मुलांनी ट्रंकेतून काढून आणलेले असत, फडक्यात गुंडाळून, आत गंजाची पूड. मी घासायला घेतलं की माझ्या हाताखाली एक परका हात आल्यासारखा वाटे. मी डावीकडे रेटायला जावं आणि पोलादानं उजवीकडे ओढावं. दुपारच्या शांततेत, अंगणात एकटं बसून हे करताना कधी कधी मानेवर काटा यायचा. मग मी उठून चहा करून घ्यायचो.

मुखरूभाऊ मात्र जिवंत गिऱ्हाईक होता. नागभीडपासून पाच-सहा किलोमीटरवर त्याचं गाव. दुकान नव्हतं. पावसाळाभर आसपासची गावं करायचा आणि कापणी झाली की दीड-दोन महिने एटापल्लीकडे जायचा. तिकडे त्याची बहीण दिली होती. आठवडी बाजारात झाडाखाली बसायचं, दाढ्या करायच्या, पुढच्या बाजाराला निघायचं. तिकडच्या माणसांविषयी तो फार मायेनं बोले. म्हणे, "तिथी मले कोणी घाई नाई करत, भाऊ. माणूस डोळे मिटून बसते. वस्तरा मानेवर हाये नं तो झोपून राह्यते."

त्याच्याकडे दोन वस्तरे होते. एक साधा. दुसरा आजोबांपासून आलेला, जर्मन पोलादाचा, शिंगाच्या मुठीचा. नॅरोगेजच्या छोट्या गाडीच्या काळात कोण्या रेल्वेच्या साहेबानं आजोबांना दिलेला, असं तो सांगे. मुखरूभाऊचा उजवा अंगठा मोहाच्या झाडावरून पडून मोडला होता आणि वाकडाच जुळला होता. त्यामुळे तो वस्तरा टोकाकडे एका अंगानं पार खाल्ला गेला होता आणि मुठीकडे तसाच जाड राहिला होता. सुरीसारखा दिसायचा. पण त्या वाकड्या वस्तऱ्यानं तो अशी दाढी करायचा की गालावर पाण्याचा हात फिरल्यासारखं वाटायचं.

माझ्या निवृत्तीच्याच वर्षी, कापणी उरकत आली असताना, तो वस्तरा त्यानं माझ्याकडे धार लावायला दिला. सोमवारी न्यायला आला. मंगळवारी भांडी विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाची जीप एटापल्लीकडे निघणार होती आणि पुढे सगळे बाजार दोघं सोबतच करणार होते.

धार तर मी शनिवारीच लावली होती. पण मी फिटर. वाकडी पाठ माझ्या डोळ्याला खुपत होती. सरळ करायला घेतली होती ती पाठ, आणि काम अर्ध्यावर होतं.

"भाऊ, राहू द्या नं वाकडा," तो म्हणाला. "माह्या हाताले तसाच बसते."

"दोन दिवस थांब," मी म्हणालो. "असा करून देतो की नवा वाटेल."

तो हसला. मला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. मंगळवारी जीप त्याच्याशिवाय गेली. बुधवारीही माझं काम झालं नाही. गुरुवारी सकाळी तो फाटकातूनच ओरडला, "राहू द्या भाऊ, आल्यावर नेईन!" आणि साधा वस्तरा घेऊन बसनं निघून गेला.

त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही. बहिणीकडे तो पोचला, जेवला, दुसऱ्या दिवशी जीपवाल्याला गाठायला म्हणून पुढच्या बाजाराला पायी निघाला. जंगलातल्या एका पाड्यावर एका माडिया आदिवासी बाईनं त्याला पाणी दिलं होतं. तिनं बहिणीच्या घरच्यांना सांगितलं की तो ओसरीवर टेकला, पाणी पिऊन तांब्या उपडा ठेवला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि नाल्याच्या वाटेनं गेला. त्या वाटेवर पुढे त्याचं काही सापडलं नाही. धोकटी नाही, चप्पल नाही. कोणी म्हणे वाघ, कोणी म्हणे नाल्याचं पाणी, कोणी आवाज खाली करून आणखी काही म्हणे. त्याचा धाकटा भाऊ शालिक महिनाभर तिकडे फिरून परत आला तेव्हा त्याची दाढी छातीपर्यंत नाही, पण ओळख लागू नये इतकी वाढली होती. गावात ती करायला कोणी नव्हतं.

मी ती पाठ पुढे कधी सरळ केली नाही. वस्तरा तसाच सायत्राबाईंना, त्याच्या बायकोला, नेऊन दिला. दोन दिवसांचं मात्र काही बोललो नाही. मुखरूभाऊनंही घरी सांगितलं नसावं. तो कोणाचं नाव सांगणारा माणूस नव्हता.

पुढच्या वर्षी कडपा पडल्या आणि सायत्राबाई फाटकात उभ्या राहिल्या. हातात वस्तरा.

"लावून द्या, भाऊ. आले तं हातात चांगला पायजे."

मी लावून दिला. त्या ओट्याला टेकून बसून राहिल्या, माझ्या हाताकडे बघत. मग दर वर्षी तेच. कापणीचा वास, सकाळी दहाचा सुमार, फाटक, वस्तरा. दर वर्षी त्यांचे केस थोडे पांढरे झालेले, आणि वाक्य तेच. मला वाटायचं, या वर्षी सांगून टाकावं. मी मान खाली घालून घासत राहायचो.

चौथ्या की पाचव्या वर्षी मला पहिल्यांदा काही वेगळं दिसलं. वस्तरा वापरात नव्हता. वर्षभर फडक्यात होता. तरी त्याच्या मुठीकडच्या जाड भागावर, उजव्या अंगाला, बोटभर चकाकी आली होती. मी तिथे कधी घासलं नव्हतं. मुखरूभाऊचा हातही तिथे कधी टेकत नव्हता. मी मनाला समजावलं, दमट हवेनं असेल. पुढच्या वर्षी चकाकी दोन बोटं झाली. त्याच्या पुढच्या वर्षी पाठ तिथे दबल्यासारखी झाली. वर्कशॉपमधून आणलेलं गेज लावून मी मोजलं. पोलाद गेलं होतं. कोणी तरी तो वस्तरा घासत होतं.

तुम्ही म्हणाल, विचारायचं. पण ज्या घरात माणूस परत येईल म्हणून ताट वेगळं ठेवलं जातं, त्या घरच्या बाईला काय विचारणार? माझ्या मनात भलतंच येई. तो येत असेल का? कधी तरी मागच्या दारानं येऊन, दाढी करून परत जात असेल का? खाणीत काम केलेला माणूस मी, असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण घासताना वस्तरा हातात आता दोन बाजूंनी ओढायचा. टोकाकडे मुखरूभाऊचा जुना हात मला ओळखीचा होता. मुठीकडचा हात कोणाचा, ते कळत नव्हतं. तो हलका होता आणि चुकीचा होता आणि थांबत नव्हता.

बारा वर्षं झाली तेव्हा वनितानं विषय काढला. वनिता ही त्यांची एकुलती मुलगी, गडचिरोलीला दवाखान्यात नर्स आहे. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "काका, आईले समजवा. बारा वर्षं झाली. शालिककाका तयार हायेत. पळसाच्या पानाचं शरीर करून अग्नी देतात, दहाव्याले शालिककाकाचे केस उतरवतात. एकदा झालं म्हणजे ती झोपेल तरी. रोज दाराले कडी नाई लावत, काका. बारा वर्षं झाली, कडी नाई."

मला समजवायला जावं लागलं नाही. दोन दिवसांनी सायत्राबाईच आल्या. तीच वेळ, तोच वास. पण वाक्य वेगळं होतं.

"करा म्हणतेत सारे. मी हो म्हटलं. पण शालिकचे केस त्यायच्याच वस्तऱ्यानं उतरले पायजे. दुकानातल्या पत्तीनं नाई. नं ते आता तुमालेच करा लागते, दुसऱ्या कोणाले हा वस्तरा धरता येत नाई."

पन्नासेक वर्षांत मी दुसऱ्याच्या डोक्याला वस्तरा लावला नव्हता. मी वस्तरा उजेडात धरला. धार बघायची ती अशीच. जिथे बोथट आहे तिथे पांढरी रेघ चमकते. जिथे खरी धार आहे तिथे काहीच दिसत नाही. मुठीकडच्या अंगाला रेघच रेघ होती, आणि पाठ अशी दबली होती की मला राहवलं नाही.

"सायत्राबाई, हा घरी कोण घासतं?"

 त्या पदर सारखा करून म्हणाल्या, "मीच. शनवारी घासत होते नं ते. शनवार आला का घर कसं गप लागे. म्हणून मी दगड काढला. त्यायच्या उजव्या अंगाले बसून पाहत होती मी, तसाच घासून राह्यली."

"पण एकाच बाजूनं?"

"मले तेवढंच दिसे, भाऊ. जाताना वस्तरा दिसे. येताना त्यायचा हात आड येत होता. मले वाटलं तसाच रिकामा वापस आणतेत."

बारा वर्षांचे शनिवार. इतकी वर्षं आतल्या आत दाबलेलं ते मी बोलून टाकलं. सोमवार, जीप, वाकडी पाठ, "दोन दिवस थांब". सगळं. तो राहू द्या म्हणाला होता, हेही.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढे केला, वस्तरा घेतला, फडक्यात गुंडाळला आणि उठल्या. धार न लावताच. फाटक त्यांनी लावलं नाही, ते वाऱ्यानं बराच वेळ हलत राहिलं.

अग्नी दिला त्या दिवशी मी गेलो, पण मागे उभा राहिलो. पळसाच्या पानांचा माणूस फार लहान दिसत होता. मुखरूभाऊ उंच होता. शालिकनं अग्नी दिला, पानं तडतडली आणि बघता बघता संपली. सायत्राबाई बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचे आठ दिवस मी अंगणात बसून काढले. धान पुंजण्यांत, मोठाल्या ढिगांत, रचलं जात होतं. बैलगाड्यांच्या जागी आता ट्रॅक्टर असतात, पण तणस तसंच रस्त्यावर सांडतं. जेवण जात नव्हतं. दगड बाहेर काढले नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी वनिता स्कूटीवरून आली. तिनं फडकं माझ्या हातात ठेवलं.

"आईनं पाठवला. उद्या सकाळी तळ्यावर या म्हणाली."

"आणखी काही म्हणाली?"

"नाई. मी विचारलं काय झालं, तं म्हणे, तू जा."

दुपारचे तीन वाजले होते. माझ्याकडे उजेड असेपर्यंतचा वेळ होता. मी मधला दगड घेतला, पाणी टाकलं. या वेळी पाठ सरळ करायचा विचारही मनात आला नाही. वाकडा वस्तरा सपाट रेटला तर धार अर्ध्यावरच लागते. त्याला वळणानं न्यावं लागतं. आधी मूठ टेकवायची, मग हात हळूच कलता करत टोकापर्यंत जायचं, डोंगा पाण्यात डोलतो तसं. टोकाकडे मुखरूभाऊच्या अंगठ्याला सांभाळून घ्यायचं आणि मुठीकडे सायत्राबाईंच्या शनिवारांना. त्यांनी जी बाजू कधी घासली नव्हती, तिथे मी जास्त हात दिले. दिवस बुडायच्या आत पांढरी रेघ गेली. मनगटावरचे केस उतरवून बघितले. आवाजसुद्धा झाला नाही.

दहाव्याच्या सकाळी तळ्यावर धुकं होतं. शालिक पायरीवर पाटावर बसला. साठीचा माणूस, पण डोकं पुढे केलं तेव्हा मान अगदी लहान मुलासारखी दिसली. वस्तरा त्याच्या कानामागे नेऊन मी थांबलो. त्याला ते कळलं असणार.

"कानामागं टोक नका लावू, भाऊ," तो डोळे मिटून म्हणाला. "दादा तिथी मुठीकडून घेत होता."

मी मुठीकडून घेतलं. वस्तरा चालला. केस ओल्या दगडावर पडत गेले. कुठे अडकलं नाही, रक्ताचा थेंब आला नाही. झाल्यावर शालिकनं डोक्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ तो हात तसाच ठेवला. मग तो पाण्यात उतरला.

भटजी सामान आवरत होते. बायका वरच्या अंगाला होत्या. सायत्राबाई खाली आल्या आणि माझ्यापासून दोन पायऱ्या वर बसल्या.

"ते दोन दिवस," त्या म्हणाल्या. "कापणीच्या दिवसांत ते कधी घरी राहतच नोहते. बारा महिने फिरणारा माणूस. त्या मंगळवारी त्यायनं गुरांचा कोठा शाकारला. बुधवारी नव्या तांदळाचा भात केला, दोनदा मागून घेतला. दुपारी झोपले. मी मनात म्हटलं, जीप गेली ते बरं झालं. आता तुमी सांगता का तुमच्यानं राह्यले ते. मी इतके दिवस इचार करून राह्यली, भाऊ. तुमाले शिव्या देऊ का तुमच्या पाया पडू, मले समजत नाई. अजून नाई समजलं."

  मी वस्तरा धुऊन पुसून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही. पिशवीतून मुखरूभाऊचा दगड काढला, मधे खोल गेलेला, आणि पायरीवर ठेवला.

"येतानाचं दाखवा," त्या म्हणाल्या.

मी पाणी शिंपडलं. त्यांचा हात धरायचा मला संकोच वाटला, म्हणून वस्तरा त्यांना दिला आणि मी रिकामा हात हवेत फिरवून दाखवत गेलो. "जाताना असा. आता थांबा. वस्तरा नाही उचलायचा, पाठीवर उलटवा. पाठ दगडाला टेकलेलीच राहिली पाहिजे. हां. आता या."

पहिल्यांदा वस्तरा निसटला. दुसऱ्यांदा मनगट आखडलं. तिसऱ्यांदा पातं पाठीवर फिरलं आणि ओल्या दगडावरून परत आलं. जाताना लांब आवाज, येताना आखूड. परत लांब, परत आखूड. हळूहळू त्यांच्या हाताला ती चाल बसली.

शालिक कमरेएवढ्या पाण्यात आमच्याकडे पाठ करून उभा होता, ओंजळीनं डोक्यावर पाणी घेत. तो आवाज कानावर पडला तसे त्याचे हात वरच थांबले.

"दादा?" म्हणत तो गर्रकन वळला.

पायरीवर आम्ही दोघंच होतो. सायत्राबाईंनी मान वर केली नाही. त्यांचा हात चालूच होता.